साडेअठ्ठावीस रुपयांचा खून

पुस्तक इंग्रजी, बॉलरूम नाचाच्या स्पर्धेतल्या खुनाचं, पण त्याचं नाव मला माहीत नाही. लेखक आहे की लेखिका, तेही नाही. मुखपृष्ठ गेलंय, आतली पहिली चार पानं गेलीत आणि गोष्ट एकदम पान ९ वर सुरू होते. तिथे एक बाई एका माणसाच्या कोटाच्या पाठीवर नंबराचा कागद पिनांनी टाचत असते. शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने किराण्याची यादी केलीय: रवा, कपड्याचा साबण, काडेपेटी. तेव्हा हे परीक्षण वाचून कुणी दुकानात जाऊन ते पुस्तक मागू म्हणेल तर जमायचं नाही. तरी लिहिते, कारण गेले दहा दिवस घरात दुसरा विषय नाही.

आधी प्रदर्शनाचं सांगते. आमच्या सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये किलोवर पुस्तकं विकायला आलीत. इंग्रजी जुनी पुस्तकं, दीडशे रुपये किलो. दाराशी भाजीवाल्याकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा. मराठी पुस्तकं मात्र काट्यावर नाहीत, ती छापील किमतीत थोडी सूट देऊन. म्हणजे मराठीला अजून किंमत आहे आणि इंग्रजीला नुसतं वजन, अशी मी स्वतःची समजूत घातली. टेबलांवर कसलीही विभागणी नाही. पाककृतींच्या खाली टॅक्सचं पुस्तक, त्याच्या खाली घोड्यांच्या शर्यती. सहा पंख्यांपैकी दोन चालू होते आणि त्या दोन्हींखाली विकणारी मुलं बसलेली. दुपारी एकदा गेले आणि पदराने वारा घेत परत आले. दुसऱ्यांदा सकाळी अकराला गेले, तेव्हा बरं होतं.

हे पुस्तक मी उचललं ते फाटकं म्हणून बाजूला ठेवायला. मधलंच पान उघडलं, उभ्याउभ्या तीन पानं वाचली आणि पिशवीत टाकलं. काट्यावर १९० ग्रॅम. मी म्हटलं, "बाळा, ह्याला कव्हर नाही, काहीतरी कमी कर." पोरगा म्हणाला, "मावशी, कव्हर नाही म्हणूनच वजन कमी भरलंय, तुमचा फायदाच की." ह्यावर काय बोलणार? एकूण २ किलो ३४० ग्रॅम झालं, ३५१ रुपये दिले. त्यातले साडेअठ्ठावीस ह्या खुनाचे.

आता माझा ह्यात अधिकार काय, ते सांगायला हवं. मी ३१ वर्षं कोर्टात स्टेनो होते, त्यातली बरीचशी सेशन्सला. साक्षीदार बोलायचा, साहेब सांगायचे, मी टाइप करायचे. खून मी भरपूर टाइप केलेत. विळ्याचे, दगडाचे, विहिरीतले, जमिनीच्या बांधावरून झालेले, आणि एक तर ताटात भाकरी पुन्हा शिळी आली म्हणून झालेला. दुसरीकडे हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांवर मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे खरा खून कसा कंटाळवाणा असतो आणि पुस्तकातला कसा असायला हवा, दोन्ही मला ठाऊक. बॉलरूम नाचाबद्दल मात्र अक्षर ठाऊक नव्हतं. पुतण्याच्या संगीतला कोरिओग्राफरने आम्हा जोडप्यांना 'वॉल्ट्झ' म्हणून जे शिकवलं, ते पुढे दोन पावलं, मागे दोन पावलं आणि फोटोग्राफरकडे बघून हसणं एवढंच होतं.

गोष्ट इंग्लंडातली. समुद्रकाठचं गाव, तिथे दरवर्षी भरणारी बॉलरूमची मोठी स्पर्धा. गावाचं नाव काल्पनिक, पण ते ब्लॅकपूलवरून उचललंय हे उघड आहे. तिथल्या विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० साली हा नाचाचा उत्सव सुरू झाला आणि आजही जगभरातल्या जोड्या तिथे नाचायला जातात. पात्रांची नावं लांबलचक आहेत, म्हणून घरात आम्ही त्यांना कोर्टाची नावं देऊन टाकली. नायिका म्हणजे साक्षीदार नंबर १. तिचा जोडीदार, जो पान ४१ वर मरतो, तो मयत. मग आरोपी १ ते ४. ह्यातला आरोपी नंबर २ देखणा. हे परीक्षण तसंच वाचा.

अंतिम फेरीत सहा जोड्या आहेत. एकामागून एक पाच नाच: वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. एकेक नाच दीड-दोन मिनिटांचा, मध्ये श्वास घ्यायला जेमतेम वेळ. सगळ्या जोड्या घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. फॉक्सट्रॉट चालू असताना मयताचा श्वास बदलतो. आणि इथे पुस्तक जे करतं, त्याला मी पैकीच्या पैकी गुण देते.

ह्या नाचात दोघं छातीखालपासून मांडीपर्यंत एकमेकांना टेकलेली असतात. पण बघत नाहीत. बाई थोडी पुरुषाच्या उजवीकडे सरकून उभी असते, मान तिच्या डावीकडे वळवलेली, नजर त्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे. तोही तसाच तिच्या खांद्यावरून पलीकडे बघतो. म्हणजे माणूस तुमच्या मिठीत मरतोय आणि त्याचं तोंड तुम्हाला दिसत नाही. साक्षीदार नंबर १ ला जे कळतं ते नुसतं अंगाला कळतं. पाठीवरच्या त्याच्या तळव्याचा ताप वाढतोय, बरगड्या ठेक्याच्या आधीच हलतायत, नेहमी जिथे तो तिला हलकं वळवतो तिथे वळवायचं विसरतोय. तिला वाटतं, हा माझ्यावर रागावलाय. सकाळी भांडण झालेलं असतं. म्हणून ती आणखी ताठ होते. प्रेक्षकांना ती जोडी त्या दिवशी सगळ्यांत सुंदर वाटते. संगीत थांबतं, तो हात सोडतो, आणि तेव्हा ती पहिल्यांदा वळून त्याचा चेहरा बघते.

मी हे पान ओट्याशी उभी राहून वाचलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही. वरणाचा लगदा झाला.

पुढे कोर्टात तिला विचारतात, तुम्ही इतक्या जवळ होतात, मग काय पाहिलंत? ती म्हणते, काहीच नाही. कुणाचा विश्वास बसत नाही. मी ३१ वर्षांत असे कितीतरी साक्षीदार पाहिले. खोलीतच होती, पण भिंतीकडे तोंड करून निजली होती. बांधावरच होता, पण वाकून मोळी बांधत होता. वकील अशांना फाडून खातात. ते खरं बोलत असतील असं तेव्हा मला क्वचितच वाटलं, हेही इथे कबूल करते.

मयत मेला कशाने? शेंगदाण्याने. सोलापूरकर वाचकाने इथे थोडा दम खावा. त्याला शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी असते आणि कुणीतरी मुद्दाम त्याच्या पोटात शेंगदाणा घातलेला असतो. ज्या गावात ताटात भाजीआधी शेंगाचटणी पडते, तिथे हे पटवणं अवघड. माझ्या ६२ वर्षांत शेंगदाणा चालत नाही म्हणणारा एकच सोलापूरकर मला भेटला, आणि त्याचं कारण पित्त. पण माझी भाची डॉक्टर आहे, तिला फोन केला. म्हणाली, "मावशी, अगदी खरं आहे. घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब कोसळतो, कधी काही मिनिटांत खेळ संपतो. अशी माणसं अ‍ॅड्रिनलिनचं तयार इंजेक्शन पेनासारखं जवळ बाळगतात." आणि म्हणाली, शवविच्छेदनात डोळ्यांना फारसं काही दिसेलच असं नाही, रक्तात ट्रिप्टेज नावाची गोष्ट वाढलीय का ते तपासावं लागतं. पुस्तकात हे बरोबर आलंय. लिहिणाऱ्याने कुणातरी डॉक्टरला पकडलेलं दिसतं.

मग ते पेन त्याच्या खिशात का नव्हतं? ह्याचं उत्तर फक्त ह्या नाचातच सापडेल असं आहे. पुरुषांचा तो शेपटीवाला कोट, टेलसूट, असा बेतलेला असतो की हात खांद्याच्या उंचीला धरले तरी खांदे वर चढत नाहीत, पाठ इस्त्री केल्यासारखी सपाट राहते. त्यात अंगठ्याएवढं जाड पेन ठेवलं तर फुगवटा दिसणार. बाईच्या गाऊनला खिसे नाहीतच. म्हणून पेन मैदानाबाहेर, खुर्चीखालच्या बॅगेत. आणि ऐनवेळी बॅगेत नाही. खुन्याचं डोकं इथे चाललंय, आणि लिहिणाऱ्याचंही.

फसलंय ते तेलाच्या बाटलीत. चकचकीत पेटंट लेदरचे बूट नाचताना एकमेकांना घासून चिकटतात, म्हणून नाचणारे त्यांना थोडं एरंडेल पुसतात. (आपल्याकडे एरंडेल कशासाठी देतात ते आठवून मी एकटीच हसत बसले.) मयताच्या एरंडेलाच्या बाटलीत पोलिसांना शेंगतेल सापडतं आणि जवळजवळ सत्तर पानं सगळे त्या बाटलीमागे धावतात. कुणी भरलं, कधी भरलं, बोटाला लागून तोंडात गेलं का. अहो, एरंडेल काकवीसारखं दाट असतं आणि शेंगतेल पाण्यासारखं पळतं! शिवाय अ‍ॅलर्जी उठवणारं तेल म्हणजे न गाळलेलं, घाण्याचं. रिफाइंड केलेल्यात ते प्रथिन जवळजवळ उरतच नाही, असं भाचीच म्हणाली. आणि घाण्याचं शेंगतेल असेल तर बूच उघडल्याबरोबर अख्ख्या खोलीला वास सुटेल. सोलापूरच्या कुठल्याही बाईला ती बाटली दिली असती तर सत्तर पानं वाचली असती, म्हणजे अंदाजे चाळीस ग्रॅम.

पोलीस तपासही तसाच पळतो. मंगळवारी मृत्यू, गुरुवारी प्रयोगशाळेचा अहवाल हातात. आमच्याकडे व्हिसेरा बाटलीत भरून, सील करून, पत्र जोडून रासायनिक विश्लेषणाला जातो आणि अहवाल यायला महिने लागतात. तोवर दोन पंच फितूर झालेले असतात. शेवटी तर खुनी भर बॉलरूममध्ये, झुंबराखाली, चारशे लोकांसमोर स्वतःच सगळं सांगून टाकतो आणि सगळ्यांच्या मते खटला तिथेच संपतो. त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. आपल्याकडे पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही आणि असं चारचौघांत बोललेलं दुबळा पुरावा धरतात. माझ्या डोळ्यांपुढे तर बचाव पक्षाचा वकीलच उभा राहिला: "संगीत चालू होतं ना? मग तुम्हाला ऐकू कसं आलं?"

एक गोष्ट मात्र कारकुनाच्या नजरेने टिपली आणि फार सुखावले. ते पान ९. नंबराचा कागद चार सेफ्टी पिनांनी टाचलेला, प्रत्येक पिनेचं तोंड आतल्या बाजूला, कारण साक्षीदार नंबर १ ला तशी सवय. पुढे १४० च्या आसपास स्पर्धेच्या फोटोचं वर्णन येतं आणि त्यात पिनांबद्दल एकच वाक्य आहे. मी तिथे थांबले. मुद्देमालाच्या पुडक्यावर दोऱ्याची गाठ कुणी मारली हे मी गाठीवरून सांगायचे, तशी ही जागा आहे. याहून जास्त लिहीत नाही, कारण आमचे हे अजून पुस्तक वाचतायत आणि मी लिहिलेलंही वाचतात.

परीक्षकांचं प्रकरण मला खुनाहून जास्त भावलं. ह्या स्पर्धांत परीक्षक प्रत्येक जोडीला क्रमांक देतात आणि बहुसंख्य परीक्षकांनी जिला पहिला दिला तिचा पहिला. ह्या पद्धतीला स्केटिंग सिस्टिम म्हणतात. एकट्याने काही होत नाही म्हणून ती न्याय्य, असं सगळे म्हणतात. पण जो परीक्षक तोच बऱ्याचदा शिक्षकही. सकाळी ज्याला पैसे देऊन शिकवणी घेतली, तो संध्याकाळी पाटी घेऊन समोर उभा. आरोपी नंबर ३ ह्यावर बोलतो तेव्हा त्याची बाजू पटते. आमच्या साहेबांसमोर ओळखीच्या माणसाचं प्रकरण आलं की ते दुसऱ्या कोर्टाकडे पाठवायचे. इथे त्याच शिकवणीवर सगळ्यांची घरं चालतात, मग पाठवणार कुणाकडे? मानासाठी धडपड तर एवढी की विचारू नका. १९९७ साली ऑलिंपिक समितीने नाचाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली, हे लोक आशेने बसले, आणि २०२४ मध्ये पॅरिसला शेवटी गेला तो ब्रेकडान्स.

प्रेमाचा भाग. साक्षीदार नंबर १ जोडीदाराविना उरते. तीन आठवड्यांनी दुसरी स्पर्धा. तिच्याबरोबर नाचायला तयार होतो तो आरोपी नंबर २, ज्याच्यावर तिचाच संशय आहे. त्याच्या डोळ्यांचा रंग १७ वेळा आलाय. हो, मोजला. राखाडी, समुद्रासारखा राखाडी, वादळाआधीच्या समुद्रासारखा राखाडी. ही पानं मी भराभर उलटली. पण सरावाची पानं उलटता येत नाहीत. फॉक्सट्रॉटमध्ये बराच वेळ बाई उलटी चालते, पाठीमागे काय आहे ते तिला दिसत नाही, रस्ता तो बघतो. ज्याने आधीच्याला मारलं असेल, त्याच्या हातात स्वतःला देऊन तिला पाठमोरं चालायचंय, आणि जरा जरी अंग आखडलं तर त्याला तळव्यातून कळणार की हिला संशय आलाय. म्हणजे तिने घाबरायचंही नाही. ह्या चौदा पानांत कुणी कुणाचा हात हातात घेऊन एक गोड शब्द बोलत नाही, आणि प्रेम जे काही आहे ते तिथेच आहे. खुनी कोण हा प्रश्न ह्यापुढे मला पोरकट वाटायला लागला.

खरं वाटेना म्हणून प्रयोग केला. आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांच्या कानात यंत्रमाग कायमचा बसलाय, खटक-खटक, दोनच. वॉल्ट्झला तीन लागतात. शेवटी म्हटलं, दादरा समजा, धा धिं ना, धा तिं ना. तेव्हा जमलं. मान डावीकडे, नजर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर, आणि मी उलटी चालले. चौथ्या पावलाला माझा पाय आखडला. ओटा अजून दोन हात लांब होता. हे लगेच म्हणाले, "घाबरलीस होय?" लग्नाला ३६ वर्षं झाली. ह्यांनी मला कधी ओट्यावर आपटलेलं नाही, आपटणारही नाहीत, पण अंग ऐकत नव्हतं. आणि ह्यांना ते कळलं, तळव्यातूनच. पुस्तकात लिहिलंय तसंच.

मग मिक्सरची वायर पायात आली आणि प्रयोग संपला.

इंग्रजी सोपं आहे, मला तीनदाच डिक्शनरी लागली. नाचाचे शब्द समजावत बसलेले नाहीत, ते वाचता वाचता कळतात. मधली सत्तर पानं तेलात बुडाली ती सोडली तर कुठे अडखळायला होत नाही. नाचाला पाचपैकी पाच, तपासाला दोन, डोळ्यांच्या रंगाला शून्य.

प्रदर्शनाला पाचपैकी तीन. जायचं असेल तर सकाळी जा, पाण्याची बाटली न्या, स्वतःची पिशवी न्या कारण त्यांच्या पिशवीचे दहा रुपये वेगळे घेतात. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं महाग पडतात, पुठ्ठ्याचंच वजन भरतं. काटा शून्यावर आहे ना, ते ठेवायच्या आधी बघा. माझ्या पुढच्या बाईंच्या वेळी तो ४० ग्रॅमवरून सुरू झाला होता. पोराने सांगितल्यावर नीट केला, पण सांगावं लागलं. आणि फाटकी पुस्तकं उघडून बघा.

आमचे हे आता पान ११२ वर आहेत, बाटलीच्या मागे. रोज रात्री जेवताना एक नवा खुनी सांगतात. काल आरोपी नंबर ४ झाला, आज सकाळी चहाबरोबर साक्षीदार नंबर १ वरच संशय. मी फक्त विचारलं, "पान ९ वाचलंत का नीट?" कप तसाच ठेवून उठले आणि चष्मा शोधायला गेले.